नक्कल मागा, मिळते!

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ ला एक चौथं पोटकलम आहे. अगदी छोटं. घटस्फोट मंजूर करणाऱ्या न्यायालयानं हुकूमनाम्याची एकेक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यावी, एवढंच त्यात लिहिलंय. १९७६ च्या दुरुस्तीनं ते कायद्यात आलं. म्हणजे माझ्या आईच्या तरुणपणापासून ते तिथं आहे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तसंच आहे, आणि मला ते आत्ता या वर्षी कळलं! कळल्यापासून मी स्टाफरूममध्ये सांगतेय, मंडईत सांगतेय, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून झालंय. फुकट! हक्कानं! आणि आमच्या बारामतीत!

निमित्त झालं माझ्या मावसबहिणीचं. ती इंदापूर तालुक्यातली, निमगाव केतकीच्या बाजूची. तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालीत. आता तिचं दुसरं लग्न ठरलं, माणूस चांगला मिळाला, घरात आनंद. लग्नाची नोंदणी करायची म्हणून ग्रामपंचायतीत चौकशीला गेले तर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नमुना ड चा फॉर्म पुढं केला आणि म्हणाले, "ताई, पहिल्या लग्नाचा कोर्टाचा हुकूमनामा जोडा." अगदी रास्त मागणी. घरी येऊन मावशीनं पत्र्याची पेटी उघडली. पिशवीत होतं काय? वकिलाच्या जुन्या पावत्या, अर्जाची पुसट झालेली झेरॉक्स, आणि घडीवर फाटत चाललेला एक स्टॅम्प पेपर. फारकतनामा. गावातल्या चार मोठ्या माणसांच्या सह्या, दोघांचे अंगठ्याचे ठसे, नोटरीचा लाल शिक्का. मावशी इतकी वर्षं तोच कागद घटस्फोटाचा म्हणून जपत होती.

आमच्या भागात असे कागद घरोघरी आहेत, म्हणून हे नीट सांगते. ज्या समाजात काडीमोडीची रूढी पूर्वापार आहे तिथं ती रूढी कायद्यानं मोडीत काढलेली नाही. कलम २९ मध्ये तिला जागा ठेवली आहे. पण रूढी आहे हे सांगणाऱ्यानं ती सिद्ध करायची असते, आणि वाद उभा राहिला तर ते फार अवघड जातं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यानं हिंदू लग्न मोडत नाही. बहिणीचं नशीब थोर, की त्या स्टॅम्प पेपरवर न थांबता ती पुढं कोर्टात गेली होती आणि निकालही लागला होता. फक्त निकालाचा कागद कुणी घरी आणला नव्हता. वकील वारले, त्यांचं ऑफिस बंद झालं, आणि प्रकरणाचा नंबरही कुणाला आठवेना.

इथून पुढं जे घडत गेलं त्यानं मी अक्षरशः भारावून गेलेय.

पहिला शोध मोबाईलवर लागला. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ आहे, अॅपही आहे. राज्य निवडा, पुणे जिल्हा निवडा, बारामतीचं न्यायालय निवडा, मग पक्षकाराचं नाव आणि साल टाका, निकाली प्रकरणांवर खूण करा. बस्स! नाव मात्र आम्ही इंग्रजी अक्षरांतच टाकलं, आणि आमच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं प्रत्येकजण वेगळी लिहितो. कुठं एक ए जास्त, कुठं डब्ल्यूच्या जागी व्ही. बहीण म्हणाली, "ताई, माहेरच्या नावानं बघ की." माहेरच्या नावानं काही नाही. सासरच्या नावानं काही नाही. मग मी आडनावाची पहिली चारच अक्षरं टाकली, आणि यादी उघडली, आणि त्या यादीत ती होती! तिचं नाव, समोर त्याचं नाव, मध्ये विरुद्ध, नोंदणी क्रमांक, निकालाची तारीख, आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, एमएच-पीयू नं सुरू होणारा. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पीयू म्हणजे पुणे. देशात त्या क्रमांकाचं दुसरं प्रकरण नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून तो क्रमांक पुन्हा पुन्हा वाचत होतो.

निकालपत्र मात्र तिथं उघडून वाचता येत नव्हतं, आणि ते मला फार आवडलं. नवरा-बायकोच्या भांडणाचं कामकाज बंद दाराआड चालवावं, ते छापू नये, हे कलम २२ मध्येच आहे. गावच्या पारावर बसून कुणीही आपल्या लेकीबाळींचं प्रकरण मोबाईलवर वाचत बसू नये, याची काळजी १९५५ मध्येच घेऊन ठेवलीय! कागद हवा तर ज्याचा आहे त्यानं यावं. तिऱ्हाइताला हवा असेल तर त्यानं कारण सांगावं, प्रतिज्ञापत्र करावं, न्यायाधीशांची परवानगी काढावी.

म्हणून आम्ही गेलो. बारामतीत जन्म काढूनही मी कोर्टाच्या आवारात कधी पाय ठेवला नव्हता. आमच्याकडं शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं लहानपणापासून ऐकवतात, आणि बाईमाणसानं तर नाहीच नाही. आवारात टाइपरायटरची जागा आता संगणक-प्रिंटरनं घेतलीय, पण झाडाखाली टेबल टाकून बसलेले अर्ज लिहिणारे आहेत, तिकीटविक्रेते आहेत, काळ्या कोटांची धावपळ आहे, तारखेला आलेली माणसं डबे सोडून बसलेली आहेत. मी एका शिपायाला विचारलं, "दादा, नक्कल कुठं मिळते?" त्यानं हातानं दाखवलं. इतकं सोपं!

पुण्याला शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी तसं वेगळं न्यायालय नसलं की ही प्रकरणं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतात. आमच्या बहिणीचा हिंदू विवाह अर्जही बारामतीच्या वरिष्ठ स्तर न्यायालयातच चालला होता. जिथं निकाल, तिथंच कागद. पुण्याला जायचं कारणच नव्हतं.

नक्कल अर्जात मागतात काय, तर न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि साल, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणकोणत्या कागदांची नक्कल हवी, आणि अर्जदाराची सही. त्यावर कोर्ट फीचं तिकीट. टेबलामागच्या मॅडमनी अर्ज वाचला आणि बहिणीला विचारलं, "न्यायनिर्णय हवाय, हुकूमनामा हवाय, की दोन्ही?" आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे, मागं रांग असताना. न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसह लिहिलेला निकाल. कोण काय म्हणालं, पुरावा काय आला, का पटला, का नाही. तो कितीही पानांचा असू शकतो. हुकूमनामा म्हणजे त्या निकालाचं आदेशात उतरलेलं रूप. लग्न अमुक तारखेच्या हुकुमानं विसर्जित झालं, हे सांगणारा नेमका कागद. नोंदणीला लागतो तो हा. आणि मॅडमच म्हणाल्या, "हुकूमनाम्याची पहिली प्रत तुमची फुकट आहे. पूर्वी नेलेली दिसत नाही." म्हणजे ती प्रत इतकी वर्षं हिच्याच नावावर बाकी होती!

आम्ही दोन्ही मागितले. जादा प्रतीही मागितल्या. त्यांना पानामागं शुल्क पडतं, ते आनंदानं भरलं. आणि मग मॅडम सहज बोलल्या, "रोजनामा पण घेऊन ठेवा."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

पण आधी नक्कल कशी तयार होते ते सांगू द्या, कारण ते बघूनच मी थक्क झाले. अर्ज नोंदवहीत चढतो, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. मग अभिलेख कक्षाला मागणी जाते. तिथं निकाली प्रकरणांचे गठ्ठे, लाल कापडात बांधलेले, सालवार. गठ्ठा सुटतो, प्रकरण निघतं, हवी ती पानं मोजली जातात, त्यांच्या प्रती निघतात, मूळ कागदाशी ताडून पाहिल्या जातात, आणि मगच खरी नक्कल असा शिक्का, न्यायालयाची मोहर, अधिकाऱ्याची सही. शेवटच्या पानावर तारखांची एक चौकट असते: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मला वाटलं, ही कार्यालयाची सवय असेल. नाही! १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणं अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला काळ वगळतात. कचेरीत लागलेल्या वेळेचा भुर्दंड पक्षकाराला पडू नये म्हणून त्या तारखा! घटस्फोटाच्या हुकुमावर अपिलाला ९० दिवस असतात, आणि ती मुदत अपील न होता संपली की दोघंही पुन्हा लग्नाला मोकळे, हे हिंदू विवाह कायद्याचं कलम १५. म्हणजे त्या चौकटीतल्या बारीक आकड्यांवर कुणाचं तरी पुढचं आयुष्य टांगलेलं असतं.

नक्कल हातात आली तेव्हा हुकूमनामा मराठीत होता. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, हे मी शाळेत मुलांना भाषा दिनाला सांगत आलेय, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. घरी मावशीनं चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून वाचलं. नाव. गाव. तालुका इंदापूर. वय. व्यवसाय: घरकाम. इथं बहीण पहिल्यांदा बोलली, "घरकाम कसलं, मी तेव्हा डाळिंबाच्या पॅकिंगला जात होते." मग मावशीनं पुढची ओळ वाचली, विवाह विसर्जित करण्यात येत असल्याची, आणि विचारलं, "म्हंजी हितं लिवलंय व्हय?" हो मावशी. इथं लिहिलंय. मोहरेखाली, सहीखाली, तुला वाचता येईल अशा अक्षरात.

आणि रोजनामा! प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची एक-दोन ओळींची नोंद. अर्जदार हजर. जाबदेणार गैरहजर. नोटीस बजावली, बेलिफाचा अहवाल दाखल. जाबदेणारतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर. अर्जदार हजर. न्यायाधीश रजेवर, पुढील तारीख. अर्जदार हजर. जाबदेणार व वकील गैरहजर. अर्जदार हजर. पानामागून पान. बहीण बोट फिरवत सांगत होती, ही तारीख भर पावसातली, एसटी लासुर्ण्याला बंद पडली होती. त्या तारखेला पोराला ताप होता, कडेवर घेऊन आले होते. निमगावहून शेळगाव, अंथुर्णे, जंक्शन, लासुर्णे, भवानीनगर करत ती बारामतीला यायची. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडं निघते ती याच वाटेनं. गावात लोक म्हणत होते, ही काय भांडखोर, कोर्टात गेली, सोडून आली. आणि इथं सरकारी कागदावर लिहून ठेवलंय की बोलावलं त्या प्रत्येक तारखेला ही बाई हजर होती. एकही तारीख चुकवलेली नाही! तिचा एवढा मोठा पुरावा बारामतीच्या गठ्ठ्यात पडून होता, आणि ती स्वतःच ते विसरून गेली होती. मला विचाराल तर हुकूमनाम्यापेक्षाही तो रोजनामा मोठा आहे. तिनं तो वेगळ्या फाईलमध्ये लावलाय.

मग आम्हाला कुणी थांबवणार होतं का! पोटगीचं प्रकरण इंदापूरला झालं होतं, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. आता तेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. वेगळं कोर्ट, वेगळा क्रमांक, वेगळी फाईल. घटस्फोट बारामतीत आणि पोटगी इंदापुरात, अशी विभागणी इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला आलीय, आणि एका ठिकाणी विचारून नाही मिळालं की त्या समजतात कागद हरवला. हरवलेला नसतो. दुसऱ्या गावच्या कपाटात असतो. इंदापूरलाही तोच अर्ज, तेच तिकीट, तीच पद्धत. पोटगीच्या आदेशाची प्रत मिळाली, आणि मुलाच्या नावची रक्कम नेमकी किती आणि कधीपासून ठरली होती, ते बहिणीनं पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

एका शिक्षक मित्रानं सुचवलं होतं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गरज नाही, आणि तो रस्ताही नाही: सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्येच गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगून टाकलंय की न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायचे. आणखी एक. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे; तिऱ्हाइताच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र करायची वेळ आलीच तर साध्या कागदावर करा.

हे सगळं झाल्यावर मी रात्री-रात्री वाचत बसले. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ मध्ये. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी तो त्याआधीच, १९३१ मध्ये केला होता. डॉ. आंबेडकरांनी हिंदू संहितेसाठी जीव तोडला, ती रखडली आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. चार वर्षांनी, मे १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा लागू झाला. माझ्या आजीच्या आईला नवऱ्यानं टाकलं होतं. तिच्यासाठी कुठल्याच गठ्ठ्यात कागद नाही. कुणी हजर म्हणून तिची नोंद घेतली नाही. आणि तिच्या पणतीला पानामागं थोडे पैसे भरले की स्वतःच्या लढ्याची तारीखवार हकिकत मोहरेसह मिळते! या एका गोष्टीनं मी किती हरखलेय, ते मला शब्दांत नीट मांडताही येत नाहीय.

माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाई, इथंही तसंच. कौंटीच्या कोर्टाच्या क्लार्ककडं अर्ज करायचा, फी भरायची, शिक्क्याची प्रत घ्यायची." आमचा तालुका आणि त्यांची कौंटी, रीत एकच. आपल्या इथल्या हुकूमनाम्याची प्रत परदेशात वापरायची असेल तर तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल घ्यावं लागतं. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पण त्यालाही आधी हातात हवी ती शिक्क्याची नक्कल. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही.

बहिणीच्या लग्नाची नोंदणी झाली. भाऊसाहेबांनी हुकूमनामा पाहिला, क्रमांक टिपला, आणि काम झालं.

आता तुम्हाला कळकळीनं सांगते. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणाचा कोर्टातून घटस्फोट झाला असेल तर आजच विचारा: हुकूमनामा घरात आहे का? शिक्क्याचा आहे का? नसेल तर लग्न ठरायची, पासपोर्ट काढायची, पेन्शनची वाट बघू नका. जुन्या प्रकरणांतले काही कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून रोजनामा आणि न्यायनिर्णय लवकर मागून घ्या, आणि दोन-दोन प्रती घ्या. क्रमांक नसेल तर नाव आणि साल पुरतं. मे महिन्यातली उन्हाळी सुट्टी टाळून जा. कुणी सोबत नसेल, अर्ज लिहिता येत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडं जा; बाईला तिथं उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते, १९८७ च्या कायद्यानं. नाहीतर १५१०० वर फोन करा. आणि खिडकीशी गेलात की पहिल्या प्रतीचे पैसे विचारू नका. कलम २३, पोटकलम चार, एवढंच सांगा.